बाहुली नऊ हजाराला, मजुरी तासाला साडेतेवीस

पत्र:

काकू, मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ३४. माहेर गणपतीच्या कारखान्याचं, त्यामुळं रंग आणि ब्रश लहानपणापासून हातात. दीड वर्षापासून रिबॉर्न बेबी करते, म्हणजे हुबेहूब तान्ह्या बाळासारखी दिसणारी बाहुली. परदेशातनं कोरं व्हिनाइलचं किट मागवते, मग रंगवते, केस लावते, वजन भरते. सहा झाल्या, चार विकल्या, ९,००० ला एक. किट घरपोच ४,२०० ला पडतं, म्हणजे बाहुलीमागं ४,८०० सुटतात, तरी हातात पैसा दिसत नाही आणि मिस्टर म्हणतात बंद कर हा उद्योग. सासूबाई तर रात्री पाणी प्यायला उठल्या की शोकेसकडं बघून दचकतात. मला दोन गोष्टी विचारायच्यात. दर कमी करून जास्त विकू का, कारण ऑनलाइन तसल्याच दिसणाऱ्या चार-पाच हजारात मिळतात. आणि पुण्याच्या एका बाई सातव्या महिन्यातच बाळंत झाल्या, बाळ गेलं, त्यांना फोटोवरनं तसंच बाळ करून हवंय, पैसे मागशील ते देते म्हणतात. घेऊ का ऑर्डर? – बाहुलीवाली, सांगली

उत्तर:

अगं बाहुलीवाली, तुझे फोटो उघडले आणि आधी पाच मिनिटं नुसती बघतच बसले. ते झोपलेलं बाळ, ओठाच्या कडेला लाळेसारखं काहीतरी चकचकीत केलंयस, पापणीवर निळसर शिरा, टाचा लालबुंद, आमच्या ह्यांनी मागनं डोकावून विचारलं, कुणाचं गं हे, कधी झालं? तेव्हा तुझ्या हाताबद्दल मला काही शिकवायचं नाही. तुझ्या हिशोबाबद्दल मात्र बोलायचंय आणि जरा खडूस बोलणार आहे.

४,८०० सुटत नाहीत बाई. तू फक्त किट धरलंस. तुझ्याच पत्राच्या मागच्या पानावर खर्च लिहिलेत ते मी एकत्र केले. किट ४,२००, मोहेअरचे (अंगोरा बोकडाच्या लोकरीचे) केस ११००, रंग अंदाजे ६००, काचेचे बारीक मणी आणि फायबर ३५०, कपडे-चोखणी ५००, खोका आणि कुरिअर ६००. झाले ७,३५०. उरले १,६५०. आणि एका बाहुलीला ७० तास लागतात असं तूच लिहिलंयस, म्हणजे तासाला साडेतेवीस रुपये, एवढ्यात तुझ्याकडं भांडी घासायला येणारी बाईसुद्धा येणार नाही. पुढं ऐक. चार विकल्या त्यातले ६,६०० आले, पण दोन घरात पडून आहेत त्यांच्यावर कुरिअर सोडून १३,५०० घातलेत, म्हणजे आज तू ६,९०० रुपये खाली आहेस. मिस्टरांचं बंद कर म्हणणं चुकीचं, पण पैसा दिसत नाही हे त्यांचं खरंय हो.

आता या आकड्यावर दर कमी करायचा म्हणतेस? ८,००० ला दिलीस तर ६५० उरतील, तासाला सव्वानऊ. दहा ऑर्डरी आल्या तर ७०० तास बसशील आणि साडेसहा हजार मिळतील, वर मान धरेल ती वेगळीच.

आणि ऑनलाइनच्या त्या चार हजारवाल्या कारखान्यातल्या असतात, एकाच साच्यातनं निघालेल्या, गालावर गुलाबी फवारा मारला की झालं, त्यातल्या बऱ्याच तर शिल्पकाराला न विचारता कॉपी मारलेल्या साच्यांच्या. त्यांच्याशी दरात भांडून कुणी जिंकत नाही. तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर मिरजेत तंतुवाद्यवाले बसलेत की, इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आला, मोबाईलवर फुकट ॲप आलं, म्हणून त्यांनी भोपळ्याच्या तानपुऱ्याचा दर मोबाईलएवढा केला का? नाही केला. ज्याला तो हवा तो येतो, आगाऊ रक्कम ठेवतो, थांबतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सितार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे हे इथलंच असं भौगोलिक मानांकन, मिळालं ते या हट्टामुळंच असं माझं मत.

मग दर वाढवायचा का? वाढवायचा, पण त्याच्या आधी ७० तास कुठं जातात ते बघू, कारण खरी गोम तिथं आहे.

तू लिहिलंयस की निम्मे तास नुसत्या केसांना जातात, बारीक काटेरी सुईनं एकेक दोन-दोन केस डोक्यात टोचत बसायचं. ३५ तास! आणि रंगाला, म्हणजे थरावर थर, प्रत्येक थर ओव्हनमध्ये भाजायचा, परत वर थर, याला २५ तास. बाकी दहा जोडणी-भरणीला. आता मला सांग, तुझ्याकडं जे आहे आणि दुसऱ्या कुणाकडं नाही ते काय? केस टोचायला चिकाटी लागते, ती शिकता येते, कुणीही शिकेल. पण तू गणपतीची आखणी केलेल्या घरची मुलगी आहेस. कारखान्यात मूर्ती शंभर जण रंगवतात पण डोळ्यांची आखणी करायला एकच माणूस बसतो आणि तो बसला की बाकीचे गप्प होतात, हे मी लहानपणी करंजे गावात आमच्या शेजारच्या कुंभारवाड्यात रोज बघितलंय. तो हात तुझ्याकडं आहे. मग निम्मा वेळ सुईत का घालवतेस?

जावळ रंगव. परदेशातल्या चांगल्या चांगल्या आर्टिस्टसुद्धा रंगवलेल्या केसांची बाळं करतात, बारीक ब्रशनं एकेक रेघ ओढून, आणि नवजात बाळाला कुठं एवढे दाट केस असतात, टाळूवर चिकटलेलं ओलसर जावळच असतं. तुझ्यासारखीला त्याला फार तर पाच तास. म्हणजे बाहुली ४० तासात, आणि मोहेअरचे ११०० वाचले, खर्च ६,२५० वर आला. तासाला दीडशे धर, त्याच्या खाली धरायचं नाही, ६,००० मजुरी. बेरीज १२,२५०. यात दहा टक्के नुकसानीचे घाल, कारण बाहुलीचा एखादा हात भाजताना वाकडा होणार, एखादं पार्सल दबणार, ते १,२२५. साडेतेरा हजार झाले. १४,००० सांग आणि गप्प बस. टोचलेल्या केसांची कुणाला हवीच असेल तर तोच हिशोब लावून २०,००० च्या आत हात लावायचा नाही, आणि तीही ऑर्डर आल्यावरच.

एवढी महाग कोण घेईल म्हणशील. सगळे नाही घेणार. पण तुला महिन्याला दोनच गिऱ्हाइकं हवीत, चाळीस तासाच्या दोन बाहुल्या, घरचं सांभाळून तेवढंच होतं. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये एका पोलिसानं उन्हात तापलेल्या बंद गाडीची काच फोडली, आत बाळ निपचित पडलंय म्हणून, श्वास द्यायला गेला तर ती बाहुली. त्या बाहुलीची किंमत दोन हजार डॉलरच्या वर होती. तिकडं ही कला १९९० च्या आसपास सुरू झाली आणि साधी बाहुली काहीशे डॉलरला, नावाजलेल्या हाताची काही हजारांना जाते. आपल्याकडं तो बाजार नाही अजून, मान्य. (आणि तूही गाडीत ठेवून भाजी आणायला जाऊ नकोस. मारुती चौकात काच फुटली तर भरून कोण देणार.)

वेगळं काय द्यायचं ते सांगते, हे मला तुझ्या फोटोंवरनंच सुचलं. तुझी सहाही बाळं गोरीपान, जागी आहेत ती निळ्या डोळ्यांची, डोक्याला हेअरबँड. ती तर जगभर मिळतात, सांगलीहून कुणी का मागवावी? आपलं बाळ कर की गं. गहूवर्णी, सावळं, कानाच्या कडा जरा गडद, बोटांची पेरं काळपट, नखं फिकट गुलाबी. गालाला तीट, हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या, पायात वाळे, कमरेला करदोडा, अंगात मऊ सुती झबलं, डोक्याला टोपडं नाहीतर खणाची कुंची. गोऱ्या बाळाच्या रंगाचे धडे व्हिडिओवर ढीगभर मिळतात, आपल्या कातडीचे फार थोडे, आणि सावळ्या रंगात खालनं लाली दाखवणं हे कठीण काम आहे, जे कठीण त्यालाच पैसा. अमेरिकेत, लंडनात, दुबईत आपली माणसं आहेत ज्यांच्या आयांनी कुंच्या जपून ठेवल्यात. तुझं गिऱ्हाईक तिथं आहे.

पुढं कधी जमलं तर चेहरासुद्धा स्वतःचा घडव, शाडूत हात बसलेला आहेच तुझा. पण साचा काढून व्हिनाइल ओतून घेणं हा मोठा खर्च आहे, आत्ता नको. आत्ता किटच घे, पण अस्सल घे. मानेच्या मागं शिल्पकाराचं नाव असतं, मर्यादित आवृत्तीचं असेल तर सर्टिफिकेट येतं, ते गिऱ्हाइकाला द्यायचं. स्वस्त कॉपी किटवर काम केलंस आणि परदेशी गिऱ्हाइकानं ओळखलं तर सगळी मेहनत बदनाम. किट एकेक मागवू नकोस, तीन-चार एकदम मागव, वाहतूक विभागली जाते. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० ला २० टक्क्यांवरनं ६० केली आणि २०२३ च्या बजेटात ७०, त्यावर जीएसटी, म्हणून तुझं किट एवढं महाग पडतं. कुणी दुकानदार म्हणेल की बिलावर किंमत कमी दाखवतो, तर नको म्हण, पार्सल अडकलं की चार किटं एकदम अडकतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, हे चुकवू नकोस. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तुझ्या जाहिरातीत 'मुलींसाठी सुंदर गिफ्ट' असं लिहिलंयस, ते आजच काढ. संग्रहासाठी, मोठ्यांसाठी, खेळणं नाही, असं खोक्यावर आणि बिलावर स्वच्छ लिही. नुसती कायद्याची पळवाट नाही ही, तुझ्या बाहुलीच्या तोंडात चोखणी धरायला जोरदार मॅग्नेट आहे आणि पोटात काचेचे मणी, लहान पोरानं दोन मॅग्नेट गिळले तर आतड्याला भोक पडू शकतं. पेसमेकरवाल्या आजोबांच्या छातीशी ती बाहुली धरायची नाही, हीपण एक ओळ टाक. विकास आयुक्त हस्तकला यांच्याकडं नोंद असलेल्या कारागिरांना त्या आयएसआयच्या नियमातनं सूट आहे. बाहेरच्या किटवर रंगकाम करणाऱ्याला ते कारागीर म्हणून धरतात का हे अर्ज करताना लेखी विचारून घे.

वर्षाला ४० लाखापर्यंतच्या विक्रीला जीएसटी नोंदणीतनं सूट आहे ती राज्यातल्या राज्यात विकायला, महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात पाठवायचं म्हटलं की सीएकडं जाऊन बस, फुकट सल्ला देणाऱ्या भाच्याकडं नको. परदेशासाठी आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी नंबर, लागतो, सरकारी फी ५०० रुपये, घरबसल्या निघतो, एजंटाला तीन हजार देऊ नकोस. पोस्टानं डाकघर निर्यात केंद्रं सुरू केलीत तिथं चौकशी कर. अमेरिकेचं मात्र सांभाळून, ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटीमाफी त्यांनी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आणि त्यावेळी आपल्या पोस्टानंही तिकडची पार्सलं काही आठवडे थांबवली होती, लोकांचे माल अडकले. ड्युटी कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच ठरव. एट्सीवर, म्हणजे हातानं केलेल्या वस्तूंच्या परदेशी ऑनलाइन बाजारात, दुकान टाकायचं असेल तर एका वस्तूला २० सेंट आणि विक्रीवर साडेसहा टक्के कमिशन, ते दरात धर, नाहीतर परत तेच, सुटतात म्हणशील आणि दिसणार नाहीत.

कुरिअरचं एक गुपित. बाहुली अडीच किलोची, पण कुरिअरवाले खोक्याच्या आकारावर वजन लावतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरात, भागिले ५,०००. तुझा ६० बाय ३० बाय २० चा खोका म्हणजे ७.२ किलो झाले! पाय पोटाशी दुमडून, बाळ जसं झोपतं तसं ठेवलं तर ५० बाय २५ बाय १८ मध्ये बसेल, साडेचार किलो. खोका मोजून बनवून घे, हरभट रोडला नाही मिळाला तर एमआयडीसीत कुठंही कोरुगेटेड खोकेवाला मिळेल.

घरात पडलेल्या दोन बाहुल्या तोट्यात काढू नकोस, भाड्यानं दे. आमच्या वाई-मेणवलीकडं कायम शूटिंग चालू असतं आणि तीन महिन्यांखालचं बाळ शूटिंगला आणू नये अशा बाल हक्क आयोगाच्या सूचना आहेत, म्हणून बारशाच्या, दवाखान्याच्या सीनला त्यांना अशीच बाहुली लागते. दिवसाला हजार-दीड हजार भाडं, पूर्ण किमतीचं डिपॉझिट हातात आल्याशिवाय बाळ हलवायचं नाही. मिरजेत एवढे दवाखाने आहेत, गरोदर बायकांच्या क्लासला बाळ कसं धरायचं, दुपट्यात कसं गुंडाळायचं हे दाखवायला चालेल. आंघोळ दाखवायला मात्र नको म्हणून सांग, पोट कापडाचं आहे, पाणी आत गेलं की बाळ कुजलं.

आता पुण्याच्या बाई. हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं, दोन दिवसांनी परत घेतलं. ऑर्डर घेऊ नको असं मी म्हणणार नाही. काही बायांना रिकाम्या हातांचं दुःख असतं, घरी येताना कुशीत काहीच नव्हतं, त्यांना एकदा ते वजन हातात हवं असतं. काहींना त्यानं बरं वाटतं, काहींचं दुःख तिथंच गोठून बसतं, आणि हे तुला फोनवरनं कळणार नाही. म्हणून घाई नको. किती दिवस झाले विचार. चार-सहा महिन्यांच्या आत असेल तर प्रेमानं सांग की ताई थोडं थांबूया, फोटो माझ्याकडं देऊ नका अजून, तुमच्याकडंच ठेवा. घरात नवऱ्याला, आईला माहितीय का तेही विचार, चोरून करायचं असेल तर नको. आणि बोलताना वाटलं की बाई फारच खचलीय तर १४४१६ हा नंबर दे, टेली-मानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे २०२२ पासूनची, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तू बाहुलीवाली आहेस, डॉक्टर नाहीस, रात्री अकराला त्यांचे फोन घेत बसू नकोस.

घेतलीस तर 'तसंच बाळ करून देते' हा शब्द द्यायचा नाही. नाक, ओठ, हनुवटी किटमध्ये घडलेलीच येतात, त्यात तुला बदल करता येत नाही. सातव्या महिन्याचं म्हणजे १४-१५ इंची, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं किट लागेल, दोन-तीन चेहरे दाखव, त्यांना निवडू दे. तू काय देऊ शकतेस ते सांग, रंग, जावळ, कपाळावरचा एखादा डाग, आणि वजन. दवाखान्याच्या कागदावर जन्माचं वजन असतं, तेवढंच ग्रॅमवर मोजून भर. चेहऱ्यापेक्षा आईला ते वजन जास्त ओळखीचं असतं असं मला वाटतं, दोन बाळंतपणं झाल्यात माझी म्हणून म्हणते. दर तोच, मागशील ते देते म्हणाल्या म्हणून पाच हजार जास्त लावायचे नाहीत, आणि वाईट वाटलं म्हणून फुकटही द्यायची नाही. त्या बाळाचा फोटो, ती बाहुली, काहीही तुझ्या इन्स्टावर जाणार नाही हे लिहून दे.

आगाऊ रकमेचं सगळ्यांनाच लागू आहे. किटाचे पैसे आणि थोडे वर, म्हणजे निम्मे, आधी. रंग झाल्यावर फोटो पाठवायचा, पसंत म्हटलं की उरलेले, मग पार्सल. मी गोधड्यांचा धंदा करायचे तेव्हा एका मोठ्या दुकानाला बावीस गोधड्या उधारीवर दिल्या, ओळखीचे म्हणून, वर चहा पाजला त्यांनी. गोधड्या विकल्या, दुकान पण बंद झालं, माझे पैसे अजून यायचेत. गोधड्या शिवणाऱ्या बायांची मजुरी मी माझ्या पाटल्या ठेवून दिली होती, ते ह्यांना आत्ता हे वाचून कळेल.

सासूबाईंचं म्हणशील तर दचकणार नाहीत तर काय, उघड्या डोळ्यांची दोन बाळं हॉलमध्ये, माझी पण पाचावर धारण बसली असती. शोकेसमधनं काढ, कपाटात दुपट्यात गुंडाळून ठेव, ऊन लागलं की रंग उडतो ते वेगळंच. आणि कुंची-झबली त्यांनाच शिवायला दे, नगावर पैसे देऊन, तू लिहिलंयस की त्यांचं शिवणाचं मशीन पडून आहे म्हणून. फुकट राबवू नकोस, कपड्यांचे ते ५०० आहेतच हिशोबात, ते बाहेर कशाला जाऊ देतेस.

एक राहिलंच, तुझ्या फोटोत मागं ओटीजी, तो विजेचा छोटा ओव्हन, दिसला आणि त्याच्या शेजारी नानकटाईचा डबा. हे रंग १३० डिग्रीला आठ-आठ मिनिटं भाजतेस, त्याचा धूर त्याच भट्टीत बसतो, आणि त्याच्यातच पोरांची नानकटाई? आज संध्याकाळीच तो ओटीजी मागच्या बाल्कनीत हलव, कायमचा बाळांचा झाला तो. नानकटाई बेकरीतनं भाजून आण, आपलं पीठ-तूप घेऊन गेलं की अजून भाजून देतात.